८० कॉलमचा मजकूर वाचताना डोळे दुखतात: बीबीसी मायक्रो आणि त्या काळातल्या यंत्रांसाठी समस्या निवारण

लक्षणं

बीबीसी मायक्रो या १९८० च्या दशकातल्या ब्रिटिश संगणकावर चित्राचे अनेक 'मोड' असतात. एका ओळीत ४० अक्षरं दाखवणाऱ्या मोड ७ मध्ये मजकूर स्वच्छ दिसतो, पण ८० अक्षरं (म्हणजे ८० कॉलम) दाखवणारा मोड ० किंवा मोड ३ लावला की पुढच्यापैकी काहीतरी सुरू होतं:

– रोमन 'एम' आणि 'डब्ल्यू' आतून भरून येतात. आठचा आकडा आणि 'बी', शून्य आणि 'ओ' ओळखताना थांबावं लागतं.
– अक्षरांच्या आडव्या रेघा ठळक, पण उभ्या रेघा फिक्या.
– पांढऱ्या अक्षरांच्या कडेला लाल-निळी किनार.
– प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे त्याचीच पुसट सावली.
– ओळी वर-खाली थरथरतात. किंवा नजर बाजूला वळवली की कोपऱ्यातून सगळा पडदा लुकलुकताना जाणवतो.
– सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं सगळंच धूसर, मग आपोआप साफ. पावसाळ्यात हे जास्त.
– माणसाकडून पाहिलं तर: डोळ्यांची चुरचुर, कपाळ जड, मान आखडलेली, आणि नकळत नाक पडद्याजवळ.

यातलं नेमकं काय होतंय हे आधी ठरवा. 'धूसर दिसतंय' एवढ्यावर लोक मॉनिटर उघडायला निघतात आणि दोष बऱ्याचदा केबलमध्ये किंवा एका आज्ञेत निघतो.

उदाहरणं मी मुख्यतः बीबीसी मायक्रोची देतो, कारण आपल्याकडे हे यंत्र बऱ्याच जणांनी शाळेतच पाहिलं आहे. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' योजनेतून ते भारतातल्या शाळांत आलं आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने त्याची भारतीय आवृत्तीही काढली. कमोडोर १२८, ॲपल टू-ई, ॲमस्ट्रॅड यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

४० ला चालतं ते ८० ला का चालत नाही

हे समजलं की निम्म्या तपासण्या स्वतःच सुचतात. मोड ० आणि ३ मध्ये आडव्या ओळीत ६४० ठिपके असतात आणि ते सुमारे ४० मायक्रोसेकंदांत काढले जातात, म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठिपके. एक ठिपका पांढरा, शेजारचा काळा, पुन्हा पांढरा असा नमुना आला की त्या संदेशाची वारंवारिता होते ८ मेगाहर्ट्झ. आपल्या जुन्या पाल टीव्ही पद्धतीत अँटेनाच्या मार्गाने चित्राला मिळतात जेमतेम ५ मेगाहर्ट्झ, आणि त्यातही ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपास रंगाची माहिती बसलेली असते. ३२० ठिपक्यांच्या, ४० कॉलमच्या मोडमध्ये हाच नमुना ४ मेगाहर्ट्झवर येतो, म्हणून तो कसाबसा पार पडतो. ८० कॉलमचा बारीक तपशील वाटेतच गळतो. डोळा तो शोधत राहतो, सापडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा फोकस करायला जातो, आणि थकतो.

दुसरी अडचण रंगीत पिक्चर ट्यूबची. १४ इंची ट्यूबवर ८० कॉलमचा मजकूर साधारण २० सेंटिमीटर रुंदीत बसतो. म्हणजे एक ठिपका सुमारे ०.३ मिलिमीटर. साध्या रंगीत टीव्हीच्या काचेमागे असलेल्या जाळीतल्या छिद्रांमधलं अंतर ०.६ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. ठिपक्यापेक्षा जाळीच मोठी! तिथे कितीही बटणं फिरवली तरी अक्षर सुधारत नाही. काळ्या-पांढऱ्या, हिरव्या किंवा अंबर ट्यूबमध्ये ही जाळीच नसते. ॲमस्ट्रॅड सीपीसी ४६४ चा मोड २ हिरव्या मॉनिटरवर आरामात वाचता येतो आणि त्याच कंपनीच्या रंगीत मॉनिटरवर त्रास देतो, तो याचमुळे.

बीबीसीच्या अक्षरांमध्ये उभ्या रेघा बहुतेक ठिकाणी दोन ठिपके जाड आहेत, त्यामुळे हे यंत्र बरंच सांभाळून घेतं. ॲपल टू-ईच्या ८० कॉलममध्ये उभी रेघ एकाच ठिपक्याची. तिथे खराब केबल लगेच उघडी पडते.

तपासणी १: दोष पडद्याचा की डोळ्यांचा

पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं. पडद्याच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर, वर्तमानपत्रातला बारीक मजकूर धरा. तोही ताण देत असेल तर यंत्राला हात लावू नका.

चाळिशीनंतर हे फार होतं. जवळचा चष्मा साधारण ३५-४० सेंटिमीटरसाठी दिलेला असतो आणि पडदा असतो ५५ ते ७० सेंटिमीटरवर. बायफोकल घालणारा माणूस खालच्या भिंगातून पडदा पाहायला हनुवटी वर करतो. संध्याकाळी मान दुखते आणि बोल लागतो मॉनिटरला. नेत्रतपासणीला जाताना पडद्याचं अंतर टेपने मोजून न्या आणि त्या अंतराचा चष्मा मागा. डोळे कोरडे पडत असतील तर कारण बहुधा एवढंच की पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात. दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद दूर, सहा मीटरपलीकडे पाहा.

इथेच एक स्पष्ट सांगतो. अचानक प्रकाशाचे लखलखाट दिसले, डोळ्यांपुढे काळ्या ठिपक्यांचा लोट आला, नजरेच्या एका बाजूला पडदा ओढल्यासारखं झालं, डोळा लाल होऊन खूप दुखायला लागला आणि दिव्यांभोवती वलयं दिसू लागली, किंवा पडद्यापासून दूर गेल्यावरही एकाचे दोन दिसत राहिले, तर हे मॉनिटरचं काम नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

तपासणी २: मॉनिटर बंद करून त्याच्याकडे बघा

बंद पडद्याच्या काळ्या काचेत जे जे दिसतं, म्हणजे खिडकी, ट्यूबलाइट, तुमचा पांढरा सदरा, ते सगळं चालू पडद्यावरच्या अक्षरांवर पसरलेलं असतं. काळ्या पार्श्वभूमीवरच्या मजकुराला हे फार बाधतं, कारण काळा भाग काळा राहत नाही. पडदा खिडकीला काटकोनात ठेवा. चोकवाली ट्यूबलाइट डोक्याच्या मागे नको. काच ओलसर मऊ फडक्याने पुसा, अर्थात वीज बंद करून. पिक्चर ट्यूब धूळ ओढून घेते आणि ती धूळ प्रत्येक अक्षराभोवती धुकं आणते.

तपासणी ३: ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट

जवळजवळ प्रत्येक घरी ही दोन्ही बटणं जास्त उघडलेली सापडतात. दोघांची कामं वेगळी आहेत: ब्राइटनेस काळा रंग किती काळा ते ठरवतो, कॉन्ट्रास्ट अक्षर किती उजळ ते. कॉन्ट्रास्ट पूर्ण खाली आणा. रिकाम्या पडद्यावर ब्राइटनेस वाढवत न्या. मागची राखाडी चौकट दिसू लागली की ती नाहीशी होईपर्यंत मागे या. आता कॉन्ट्रास्ट वाचण्यापुरताच चढवा.

कॉन्ट्रास्ट जास्त झाला की इलेक्ट्रॉनचा झोत फुगतो, ठिपका मोठा होतो आणि 'एम'च्या मधली जागा बुजते. शिवाय पडदा जितका उजळ तितकं ५० हर्ट्झचं लुकलुकणं जास्त जाणवतं. म्हणूनच पांढऱ्यावर काळी अक्षरं करून घेण्याचा सल्ला इथे पाळू नका. आजच्या एलसीडीवर ती सोयीची, पण ५० हर्ट्झच्या ट्यूबवर एवढा मोठा उजळ भाग डोळ्याला सतत टोचत राहतो.

तपासणी ४: दोन-तीन आज्ञा

आज्ञा मी देवनागरीत लिहितो, यंत्रावर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

ओळी वर-खाली थरथरत असतील तर: *टीव्ही ०,१ आणि त्यानंतर मोड ३. दुसरा आकडा इंटरलेस, म्हणजे एक चित्र दोन फेऱ्यांत (फील्डमध्ये) एकाआड एक ओळींनी काढणं, बंद करतो. या मोडमध्ये दोन्ही फील्डमध्ये तोच मजकूर असतो, फक्त अर्ध्या ओळीने सरकवलेला, त्यामुळे इंटरलेस ठेवून मिळत काहीच नाही आणि सेकंदाला पंचवीस वेळा प्रत्येक ओळ हिंदकळते. आज्ञा पुढच्या मोड बदलाला लागू होते. नुसती टाइप करून 'काही फरक नाही' म्हणू नका. मोड ७ ला तिचा उपयोग नाही.

मोड ० वापरत असाल तर मोड ३ वर या. मोड ० मध्ये ३२ ओळी एकमेकींना चिकटून असतात. मोड ३ मध्ये २५ ओळी, आणि प्रत्येकीखाली दोन रेषांची मोकळी जागा. नजर एका ओळीवरून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येताना या जागेचा जो आधार मिळतो तो वापरल्याशिवाय कळत नाही. स्मृतीही २० ऐवजी १६ किलोबाइटच लागते. फक्त मोड ३ मध्ये पार्श्वभूमीचा रंग बदलू नका: मधल्या जागा काळ्याच राहतात आणि पडदा पट्ट्यापट्ट्यांचा होतो.

रंगीत आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे संदेश घेणारा) मॉनिटर असेल तर हे जरूर करून पाहा: व्हीडीयू १९,१,२,०,०,०. अक्षरं हिरवी होतात. पांढऱ्या अक्षराला लाल, हिरवा, निळा असे तिन्ही झोत एकाच जागी पडावे लागतात. ते जरा हलले की किनार दिसते. हिरव्याला एकच झोत लागतो, म्हणून न जुळण्याचा प्रश्नच उरत नाही. बुडाशी असलेला दोष तसाच राहतो, पण मजकूर वाचण्यासारखा होतो. मोड बदलला की रंग मूळपदावर येतो, आज्ञा पुन्हा द्यावी लागते.

आणि लांबलचक लिखाण करायचं असेल तर ते ४० कॉलममध्येच करा, ८० मध्ये फक्त मांडणी बघा. वर्डवाइज हा लेखनाचा प्रोग्रॅम याच पद्धतीने चालतो: लिहायचं मोड ७ मध्ये, छापील रूप पाहायचं ८० मध्ये. व्ह्यू हा दुसरा लेखनाचा प्रोग्रॅम जे मोड ३ मध्ये वापरतात, त्यांच्यासाठी पुढच्या तपासण्या महत्त्वाच्या.

तपासणी ५: 'एम'ची चाचणी

मोड ३ मध्ये 'एम'ची कळ दाबून धरा, दोन ओळी भरू द्या. मग शेजारी काही 'एच' आणि बेरजेची चिन्हं टाका आणि जवळून बघा.

बेरजेच्या चिन्हाची आडवी रेघ खणखणीत आणि उभी रेघ फिकी किंवा पसरलेली असेल, तर तपशील संदेशाच्या वाटेत हरवतोय. वारंवारितेची मर्यादा फक्त आडव्या दिशेला लागते, कारण झोत आडवा धावतो. दोन्ही रेघा सारख्याच मऊ दिसत असतील आणि मोड ७ मध्येही तसंच असेल, तर फोकसचा दोष आहे. थेट तपासणी ८ वर जा. मध्यभागी स्वच्छ आणि फक्त कोपऱ्यात किंचित मऊ असेल तर ते जुन्या ट्यूबला चालायचंच.

रंगीत किनारीचेही दोन प्रकार ओळखता येतात. मध्यभागी कमी, कोपऱ्यांकडे जास्त आणि सगळ्या मोडमध्ये सारखी किनार असेल तर झोत जुळत नाहीत. पडद्यावर कुठेही असली तरी अक्षरागणिक बदलणारी, इंद्रधनुषी किनार असेल तर कॉम्पोझिटमध्ये, म्हणजे सगळं चित्र एकाच तारेतून नेणाऱ्या जोडणीत, रंग आणि उजेड एकमेकांत मिसळताहेत.

तपासणी ६: वायर कुठून कुठे जाते

बीबीसीच्या पाठीमागे तीन वाटा आहेत. अँटेनाची, बीएनसी सॉकेटमधून कॉम्पोझिट, आणि सहा पिनांच्या डिन सॉकेटमधून आरजीबी. ८० कॉलमसाठी अँटेनाची वाट बादच करा. वर सांगितलेले ५ मेगाहर्ट्झ तिथेच आडवे येतात.

बीएनसीतून मुळात काळं-पांढरं चित्र निघतं आणि मजकुराला तेच हवं. नंतरच्या बोर्डांवर एस३९ ही जोडणी केली की त्यात रंग येतो. पूर्वीच्या मालकाने खेळांसाठी ती करून ठेवलेली असू शकते. रंग काढला की बहुतेक किनार जाते. टीव्हीवरचं रंगाचं बटण शून्यावर आणणं हा त्याला पूर्ण पर्याय नाही, कारण टीव्ही रंगाचा संदेश आलेला पाहून ४.४३ मेगाहर्ट्झभोवतीचा भाग गाळतच राहतो.

उजवीकडे सावली पडत असेल तर दोन गोष्टी. ऑडिओची बारीक वायर काढून ७५ ओहमची केबल लावा. मॉनिटरच्या मागे '७५ ओहम / हाय-झेड' असं बटण असेल तर ते ७५ वर आहे ना बघा. शेवटचं टोक बंद नसेल तर संदेश आदळून परत येतो आणि तीच ती सावली; चित्रही जास्त भडक होतं.

पडदा संथपणे डुलत असेल तर शेजारचा ट्रान्सफॉर्मर, डिस्क ड्राइव्हचा वीजपुरवठा किंवा स्टॅबिलायझर हातभर लांब ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आणि चित्रही ५० च्या जवळचं, म्हणून ही लाट इतकी सावकाश सरकते की डोळ्याला कारण कळत नाही, नुसता त्रास जाणवतो.

कमोडोर १२८ वाल्यांसाठी: ४०/८० ची कळ दाबून यंत्र सुरू केल्यावर पडदा कोरा राहिला तर यंत्र बिघडलेलं नाही. ८० कॉलमची चित्र-चिप वेगळी आहे आणि तिचं चित्र फक्त नऊ पिनांच्या सॉकेटमधून निघतं. रंगीत आरजीबीआय (आरजीबीबरोबर उजळपणाचा चौथा संदेश घेणारा) मॉनिटर नसेल तर त्याच सॉकेटच्या ७ नंबरच्या पिनवर काळं-पांढरं कॉम्पोझिट मिळतं, १ नंबरची पिन ग्राउंड. मजकुरासाठी ही दोन तारांची केबल पुरेशी आहे.

तपासणी ७: दुसरा पडदा

आता खर्च सुरू. उसना आणलेला काळा-पांढरा किंवा हिरवा कॉम्पोझिट मॉनिटर लावून पाहा. त्यावर मजकूर स्वच्छ आला तर संगणक निर्दोष. सीसीटीव्हीसाठी पूर्वी वापरलेले छोटे काळे-पांढरे मॉनिटर या कामाला उत्तम असतात आणि भंगारात अजून दिसतात. मायक्रोव्हिटेकचा 'कब' विकत घेत असाल तर मॉडेल बघा: १४३१ साधा, १४५१ मध्यम, १४४१ उच्च दर्जाचा. ८० कॉलमसाठी १४३१ घेऊ नका.

एलसीडी टीव्हीबद्दल मी फारसा आशावादी नाही. कॉम्पोझिट दिलं की तो चित्र इंटरलेस समजून ओळी मिसळतो, वर ताणतो. शार्पनेस मध्यावर किंवा त्याखाली आणा, नाहीतर प्रत्येक अक्षराला पांढरी कड येते. लाल-हिरवी-निळी सॉकेटं दिसली म्हणून त्यात आरजीबी खुपसू नका. ती बहुधा कॉम्पोनंट या वेगळ्या प्रकारच्या संदेशाची असतात.

एलसीडीच वापरायचा असेल तर रास्पबेरी पाय झीरोवर चालणारं 'आरजीबी टू एचडीएमआय' घ्या. ते मुळात बीबीसी मायक्रोसाठीच तयार झालं. प्रत्येक ठिपका त्याच्या नेमक्या क्षणी वाचतं, त्यामुळे 'एम'च्या तिन्ही उभ्या रेघा सुट्या दिसतात. जीबीएस-८२०० सारखे स्वस्त बोर्ड १५ किलोहर्ट्झचं चित्र व्हीजीएवर आणतात खरे, पण ठिपक्यांशी ताल न जुळल्याने ८० कॉलममध्ये काही रेघा जाड, काही बारीक येतात. खेळांना ते चालतील. वाचनाला नाही.

तपासणी ८: इथे थांबा

फोकस, झोत जुळवणं, उजवीकडे ओघळणारी अक्षरं, उशिरा उजळणारी चंदेरी ट्यूब: ही सगळी मॉनिटरच्या आतली कामं आहेत. फोकसचा पॉट (फिरवायचा स्क्रू) ईएचटी, म्हणजे अतिउच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरवर असतो. रंगीत ट्यूबच्या टोपीवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही ट्यूब भार धरून राहते. ज्याने हे काम शिकलेलं नाही त्याने मागचं झाकण उघडू नये. 'फक्त स्क्रू-ड्रायव्हरने जरा फिरवतो' हेही नको.

जुना टीव्ही मेकॅनिक शोधा. पावसाळ्यात सुरुवातीला धूसर आणि गरम झाल्यावर साफ होत असेल तर त्याला तेवढं सांगा. तो बहुधा आधी ट्यूबच्या मागचा बेस सॉकेट पाहील. दमट हवेत त्यातल्या फोकसच्या जागी गंज चढतो आणि दाब गळतो. कोकणात आणि मुंबईत हा नेहमीचा दोष, आणि सॉकेट ही स्वस्त वस्तू. ओघळणाऱ्या अक्षरांना बऱ्याचदा व्हिडिओ भागातले सुकलेले कपॅसिटर कारण असतात, तेही बदलता येतात. ट्यूबचं इमिशनच (झोत सोडण्याची ताकद) गेलं असेल तर खर्च करू नका, दुसरा मॉनिटर घ्या.

संगणकाच्या वीजपुरवठ्यातून जळका वास किंवा पांढरा धूर आला तर ताबडतोब प्लग काढा. बीबीसीच्या पुरवठ्यातले जुने मेन्स फिल्टर कपॅसिटर वयाने तडकतात आणि धूर सोडतात. तेही शिकलेल्या माणसाकडूनच बदलून घ्या, कारण आतले मोठे कपॅसिटर बंद केल्यावरही धोकादायक दाब धरून असतात.

मॉनिटर दुरुस्तीला देताना संगणक आणि तीच केबल सोबत न्या, आणि परत घेताना मेकॅनिकसमोर मोड ३ लावून 'एम'च्या दोन ओळी काढून बघा. टीव्हीचं किंवा डीव्हीडीचं चित्र लावून 'झालं साफ' म्हटलं तर मानू नका. ८० कॉलमचा दोष त्या चित्रात दिसत नाही.